निरोप पोचला होता

घाटंजीकडच्या गावांमध्ये माझं नाव फार जणांना ठाऊक नाही. ‘झाडावर चढते ती बाई’ म्हटलं की मात्र लगेच ओळखतात. एकदा नात्यातल्या लग्नात नवरदेवाच्या मामांनी पंगतीत बसल्या बसल्या मला विचारलं, “सागावर डबे बांधते थे तुमीच का व?” मी हो म्हटलं. जेवण होईपर्यंत ते माझ्या हातांकडे पाहत राहिले. हात पाहण्यासारखेच होते. सागाची साल आणि नायलॉनचा दोर, दोघांनी मिळून त्यांना पार खरबरीत करून टाकलं होतं.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली बाई. आधी मोबाइलच्या टॉवरांवर काम केलं, हल्ली पुसदकडे विजेच्या मीटरांवर करते. मधली काही वर्षं मी जंगलकाठच्या डब्यांचं काम केलं, आणि लोकांना सांगण्यासारखं जे काही आहे ते त्याच वर्षांतलं आहे. त्यातलं बरंचसं चांगलं नाही. सणाच्या अंकात असलं लिहावं की नाही यावर मी बराच विचार केला. शेवटी लिहायचं ठरवलं, कारण ज्या बाईबद्दल लिहायचं आहे तिचं नाव कुठल्याच अहवालात आलेलं नाही.

काम काय होतं ते आधी सांगते. आमच्याकडे जंगल आणि वावर यांच्यात कुंपण नाही. सागाचं रान संपतं तिथं पराटी, म्हणजे कपाशी, सुरू होते. वाघ नाल्यानाल्यानं खाली उतरतो, तुरीत बसतो आणि सकाळी बाया निंदायला आल्या की समोरासमोर गाठ पडते. वाघ नाल्यात उतरल्याबरोबर गावात भोंगा वाजावा, म्हणजे कोणी वावरात जाणार नाही, एवढीच त्या योजनेची कल्पना होती. त्यासाठी जंगलात झाडांवर लहान लहान डबे बसवले होते. टिफिनपेक्षा थोडा मोठा एकेक डबा, वर सूर्याच्या उन्हावर चालणारी पाटी, आत बॅटरी आणि बाहेर वीतभर एरियल. समोरून मोठं, गरम अंग गेलं की डबा निरोप सोडायचा. वाघ, रोही म्हणजे नीलगाय, डुक्कर यांतला फरक त्याला कळत नसे.

आता हा निरोप गावापर्यंत जायचा कसा? मोबाइलची रेंज तिकडे नाही. तार टाकली तर माकडं आणि डुकरं ठेवत नाहीत. डब्याचा आवाज, म्हणजे त्याच्या लहरी, फार लांब जात नाहीत. म्हणून एका डब्यानं शेजारच्याला सांगायचं, त्यानं पुढच्याला, असं करत करत भोंग्यापर्यंत. पूर्वी बाजाराच्या दिवशी लेकीच्या सासरी निरोप धाडायचे तसंच. आपल्या गावचा माणूस बाजारात त्यांच्या शेजारगावच्या माणसाला सांगे आणि तो पुढं सांगे. फरक एवढाच, की आमचा डबा निरोप दिल्यावर समोरच्याच्या ‘मिळाला’ची वाट पाहतो. ‘मिळाला’ आलं नाही की पुन्हा सांगतो. तरीही नाही आलं, तर दुसरा शेजारी शोधतो. कोणता शेजारी किती वेळा उत्तर देतो याची आठवण प्रत्येक डबा ठेवतो, आणि ज्याचा भरवसा जास्त त्याच्याकडे आधी जातो.

ऐकायला सोपं आहे. अवघड एवढंच, की हवेतली वाट रोज एकसारखी नसते. टॉवरवर काम करताना मला ते इतकं जाणवलं नव्हतं. जंगलात जाणवलं. उन्हाळ्यात सागाचं रान उघडं असतं, एका टेकाडावरून दुसरं टेकाड दिसतं, आणि एक डबा दुसऱ्याशी खणखणीत बोलतो. पाऊस लागला की महिन्याभरात पत्रावळीएवढी पानं फुटतात. त्या पानांवर पाणी बसतं आणि कालपर्यंत नीट बोलणारे दोन डबे एकमेकांना ऐकू येईनासे होतात. दुपारी ऊन पडून पानं वाळली की पुन्हा येतात. वारा सुटला की तुटतात. आमचे नागपूरचे साहेब होते, पाठक. सगळी आखणी त्यांची. त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी प्रत्येक डब्याला दोन-तीन वाटा ठेवल्या होत्या. सरळ वाट बंद झाली तर आडवाटेनं जायचं. ते म्हणायचे, “निरोप उशिरा गेला तर चालेल, पण हरवता कामा नये.” आमच्या धंद्यात सगळे हेच म्हणतात. मीही म्हणायची.

लोकांच्या तऱ्हा वेगवेगळ्या होत्या. एका गावात मोहाच्या झाडावरच्या डब्याला कोणी कुंकू लावलं आणि पुढच्या खेपेला खाली फुटलेले नारळ दिसले. मला त्यांना नको म्हणावंसं वाटलं नाही, कारण त्या डब्याला माकडंसुद्धा हात लावत नव्हती. एका गुरुजींनी तक्रार केली की डब्याच्या लहरींनी त्यांची म्हैस आटली. मी डबा काढून दुसऱ्या झाडावर नेला. महिन्यानं विचारलं तर म्हणाले, “म्हैस तशीच हाय, पन आता मनाले बरं वाटते.” एका शेतकऱ्यानं गावचा भोंगा रात्रीतून आपल्या वावराकडे फिरवून ठेवला होता, डुकरं पळावीत म्हणून. मी त्याला बोलले तर मलाच उलट म्हणाला, “वाघ का रोज येते? डुकरं रोज येतात.” खोटं नव्हतं त्यात काही.

कोसमपोड ही कोलामांची वस्ती. आमच्याकडे कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. तिथले डबे पाहण्याचं काम मोतीराम करायचा. पाटीवरची धूळ पुसायची, एरियलपुढची फांदी तोडायची, भोंगा वाजला की लोक घरात आहेत ना ते पाहून तो बंद करायचा, हे त्याचं काम. माझ्यापेक्षा वयानं मोठा, बोलायला कमी. त्याची बायको पार्वता मात्र त्याच्या वाटचंही बोलायची. मी झाडावर चढले की दोराचं खालचं टोक ती स्वतःच्या हातात धरायची. मोतीरामच्या हातात द्यायची नाही. म्हणायची, “ह्याचं ध्यान नाई राहात. पाखरू दिसलं का वरतं पाह्यत बसते.”

पहिल्यांदा मी खाली उतरले तेव्हा तिनं विचारलं, “तुले भेव नाई वाटत व?”

“वाटते ना.”

“मंग कायले चढतं?”

“पगार भेटते.”

ती इतकी हसली, की तिच्या जावेनं, गिरजानं, घरातून बाहेर येऊन काय झालं ते पाहिलं. त्यानंतर मी पोडात गेले आणि तिच्या घरी जेवले नाही असं कधी झालं नाही. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि वर तिखट. जेवता जेवता ती डब्यांची चौकशी करायची. एकदा म्हणाली, “हे डबे एकमेकाशी बोलतात थे काय बोलतात?” मी सांगितलं, “आहेस का, आहे. ऐकलं का, ऐकलं.” ती म्हणाली, “एवढंच? मंग आमच्या घरातल्या मानसापक्षा जास्तच बोलतात.” मोतीराम शेजारीच बसला होता. तोही हसला.

कोसमपोडची वाट अशी होती. नाल्यावर एक डबा. त्याचा निरोप मोहाच्या झाडावरच्या डब्याकडे, आणि तिथून थेट पोडातल्या भोंग्याला. ही सरळ वाट. ती बंद झाली तर नाल्यावरून तलावाच्या डब्याला, तलावावरून टेकडीच्या डब्याला आणि टेकडीवरून भोंग्याला. ही आडवाट लांबची, पण आम्ही तपासून पाहिलेली. टेकडी पलीकडच्या गावच्या हद्दीत येत होती, म्हणून तिथला डबा मोतीरामकडे नव्हता. तिकडचा माणूस काम सोडून गेला होता आणि नवा अजून नेमायचा होता.

त्या वर्षी पोळा होऊन गेला तरी आभाळ उघडत नव्हतं. झड लागली होती. पाऊस थांबला तरी ऊन नाही, अशी ती दिवसामागून दिवस चाललेली झड. सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं आणि निंदण खोळंबलं होतं. एका सकाळी पाऊस थोडा थांबला आणि पोडातल्या बाया वावराकडे निघाल्या. पार्वता आणि गिरजा त्यांच्यात होत्या. जाण्याआधी पार्वतानं मोतीरामला विचारलं होतं, “वाजला काय रे भोंगा?” तो म्हणाला, “नाई वाजला.” तिनं विळा घेतला आणि गेली.

वाघीण त्याआधीच नाल्यात उतरली होती. नाल्यावरच्या डब्यानं तिला पाहिलं होतं आणि निरोपही सोडला होता. पुढं काय झालं ते मला नंतर एकेक डब्याची आठवण वाचून कळलं. मोहाचा डबा ओल्या पानांमागे होता, त्याला ऐकू गेलं नाही. नाल्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं, मग तलावाला सांगितलं. तलावानं घेतला, टेकडीला दिला. टेकडीच्या डब्याची बॅटरी इतक्या दिवसांच्या ढगाळ हवेनं पार उतरली होती, त्यातून पाटीसमोर एक फांदी वाढून आली होती. बॅटरी उतरली की डबा स्वतःला वाचवण्यासाठी झोपतो, तशीच त्याची रचना केलेली असते. अधूनमधून जागा होतो, ऐकतो आणि पुन्हा झोपतो. त्यानं जागं होऊन निरोप ऐकला, ‘मिळाला’ म्हणून तलावाला कळवलं. पण पोड तिथून लांब. तिथवर बोलायला लागते तेवढी ताकद त्याच्यात उरली नव्हती. निरोप पोटात घेऊन तो झोपला.

पार्वता धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला, नाल्याच्या बाजूनं होती. गिरजा तिच्यापासून चार तासं, म्हणजे पिकाच्या चार ओळी, इकडे. गिरजानं मला सांगितलं, की आवाज असा काही झालाच नाही, तुरीची झाडं हलली एवढंच. मग बायांनी आरडाओरडा केला, विळे एकमेकांवर आपटले, दगड मारले. वाघीण निघून गेली. मोतीराम आणि त्याचा भाऊ धावत गेले. पार्वताला बाजेवर घालून त्यांनी पोडाकडे आणलं. ती वाटेतच गेली होती, पण कोणी तसं म्हटलं नाही.

बाज पोडाच्या तोंडाशी आली तेव्हा ढग बाजूला झाले आणि ऊन पडलं. आणि भोंगा वाजायला लागला.

सगळे जागच्या जागी उभे राहिले. तो भोंगा कोणी बंद करेपर्यंत थांबत नाही. मोतीरामनं बाज खाली ठेवली. खांबापाशी गेला, भोंगा बंद केला. मग परत आला आणि बाज उचलली.

मला दुपारी घाटंजीत कळलं. मी गेले तेव्हा पोडात फार लोक जमले होते. मी मोतीरामसमोर जाऊन बसले.

पुढच्या आठवड्यात यवतमाळला बैठक झाली. ज्यांची योजना होती त्या कार्यालयाचे मोठे अधिकारी होते, आमचे पाठकसाहेब होते, शेवटच्या खुर्चीवर मी होते. पाठकसाहेबांनी भिंतीवर नकाशा दाखवला. नाला, तलाव, टेकडी, भोंगा. टेकडीवर आलं की त्यांचं बोट थांबत होतं. त्या माणसाला काही वाटत नव्हतं असं कोणी म्हणू नये. मोठ्या अधिकाऱ्यांनी एवढंच विचारलं, “यंत्रणा बंद होती का? निरोप पोचला की नाही?”

“पोचला,” पाठकसाहेब म्हणाले.

मी म्हणाले, “साहेब, उशिरा पोचला.”

“ते झालंच. पण पोचला ना?” अधिकारी म्हणाले.

“हो.”

त्यांनी बाजूच्या माणसाला लिहायला सांगितलं. अहवालात एक वाक्य आलं : यंत्रणा चालू होती, निरोप पोचला होता. त्यात चुकीचं एक अक्षरही नव्हतं. त्या वर्षात आमच्या सगळ्या जाळ्यात एकही निरोप हरवला नव्हता, हेही खरं होतं. बाहेर व्हरांड्यात पाठकसाहेब बराच वेळ उभे होते. म्हणाले, “वनिताबाई, निरोप हरवू द्यायचा नाही एवढंच आपण शिकलो. शिळा झालेला निरोप काय कामाचा, हे कोणी शिकवलंच नाही.” मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “चहा घ्याल का?” आम्ही चहा घेतला नाही.

डबे बसवणाऱ्या आमच्या कंपनीनं मला सांगितलं होतं, की त्या घराशी या विषयावर बोलायचं नाही. मी काही दिवस गेले नाही. मग गेले. मोतीराम भोंग्याच्या खांबाखाली बसून फडक्यानं पाटी पुसत होता. काम त्यानं सोडलं नव्हतं.

मी म्हणाले, “मोतीरामभाऊ, तुमाले सांगायचं आहे. डब्यानं वाघीण पाह्यली होती. निरोपही धाडला होता.”

“मंग?”

“मोहाच्या डब्यानं ऐकला नाई. दुसऱ्या वाटेनं गेला. लांबून आला.”

त्यानं पुसणं थांबवलं. “पार्वता इथून गेली तवा थो निघाला होता?”

“त्याच्या आधीच निघाला होता.”

त्यानं फडक्याची घडी घातली. मग विचारलं, “मंग एवढा टाइम थो होता कुठं?”

या प्रश्नाला कागदावर उत्तर आहे. मी ते बैठकीत आकड्यांसकट दिलंही असतं. त्याच्यासमोर मी नुसतं टेकडीकडे बोट दाखवलं.

“दाखव मले,” तो म्हणाला.

आम्ही टेकडी चढलो. तो पुढं, मी मागं. धावड्याच्या झाडावर तो डबा होता. मी वर चढले तेव्हा दोराचं टोक त्यानं धरलं होतं, आणि वर न पाहता मान खाली घालून धरलं होतं. मी डबा सोडून खाली आणला, झाकण उघडलं. त्यानं आत पाहिलं. हिरवी पट्टी, दोन बॅटऱ्या, चार तारा. त्यानं एका बोटानं पट्टीला हात लावला.

“ह्याच्यात होता?”

“हो.”

“आन झोपला होता हा?”

“बॅटरी नोती.”

त्यानं झाकण बंद केलं, डबा माझ्या हातात दिला आणि टेकडीच्या कडेला जाऊन उभा राहिला. मी त्याच्या शेजारी गेले. खाली पोडाची छपरं दिसत होती, आणि त्याच्या अलीकडे, अगदी पायाखाली म्हणावं इतकं जवळ, त्यांचं वावर. धुरा दिसत होता. त्या धुऱ्यावर एक बगळा बसलेला होता तोही स्पष्ट दिसत होता.

“इथून त हाक मारली असती त आयकू गेलं असतं,” मोतीराम म्हणाला.

मग त्यानं कमरेची कुऱ्हाड काढली आणि पाटीसमोरची फांदी तोडली. ती तोडून झाल्यावर तिच्याशेजारची तोडली, मग आणखी एक. मी त्याला पुरे म्हटलं नाही.

त्यानंतर आम्ही काही बदल केले. टेकडीच्या डब्याला मोठी बॅटरी लावली. मोहाचा डबा पानांच्या वर नेला. पाठकसाहेबांनी अशी सोय केली, की वाट बंद आहे असं कळलं की भोंग्याच्या खांबावरचा हिरवा दिवा विझावा. म्हणजे दिवा नसेल त्या दिवशी लोकांनी समजून घ्यावं, की आज जाळ्याला काही दिसत नाही. मला त्या दिव्याचा अभिमान होता. पण पावसाळ्यात तो दिवा पेटण्यापेक्षा विझलेलाच जास्त असायचा. पाहुणे योजना पाहायला आले की विझलेला दिवा पाहायचे. काही महिन्यांनी वरून सांगितलं गेलं, की लोकांत विनाकारण घबराट होते, दिवे काढा. दिवे मी स्वतः काढले. गिरजा खाली उभी होती. म्हणाली, “हे त बरं होतं व, काढून कायले राह्यली?” मी सांगितलं, की वरून आलं आहे. ती म्हणाली, “वरतून सारंच येते.”

त्यानंतरच्या पावसाळ्यात कार्यालयातून मला बोलावणं आलं. महिन्याच्या नोंदींत दिसत होतं, की कोसमपोडच्या नाल्यावरचा डबा रोज सकाळी निरोप देतो. दिवस निघाला की निरोप, रोज. तिथले साहेब म्हणाले, “वाघ काय ड्युटीवर आहे का? कोणी तरी गंमत करतंय. जाऊन पाहा, आणि बंद करा.”

मी पहाटे निघाले आणि उजाडता उजाडता पोडात पोचले. भोंग्याच्या खांबापाशी बाया उभ्या होत्या. हातात विळे, डोक्याला दुपट्टे, फडक्यात बांधलेल्या भाकरी. मी गिरजाला विचारलं, “काहून थांबल्या?”

“वाजू दे,” ती म्हणाली.

“काय वाजू दे?”

तेवढ्यात भोंगा वाजला. बायांनी भाकरी उचलल्या आणि वावराकडे चालायला लागल्या. जाताना गिरजानंच खांबापाशी जाऊन तो बंद केला. मी तिथंच उभी. भोंगा वाजल्यावर घरात बसायचं, एवढीच तर आम्ही या लोकांना शिकवण दिली होती.

थोड्या वेळानं नाल्याकडून मोतीराम आला. पाय गुडघ्यापर्यंत ओले, हातात काठी.

“मोतीरामभाऊ, तुमी नाल्यात काय करून राह्यले?”

तो लपवणारा माणूस नव्हता. “डब्याच्या समोर उभा राह्यतो. म्या उभा राह्यलो का थो निरोप धाडते. लगेच वाजला त वाट चालू हाय, बाया जातात. नाई वाजला त वाट बंद, बाया घरी.”

“आन मंग वाघ आला त?”

“मंग पुन्हा वाजन.”

“तुमी तिथं असताना आला त?”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काहीतरी पोरकट विचारलं होतं. “तई बी वाजनच ना,” तो म्हणाला.

मी त्याच्या ओट्यावर बसले. टॉवरच्या कामात आम्ही हेच करतो. या टोकाला उभं राहून बोलायचं, त्या टोकाला ऐकू आलं की नाही ते विचारायचं, आणि मगच लाइन चालू म्हणायची. पण ते करताना आमच्यामागे तूर नसते. मी त्याला म्हणाले, की हे करू नका, मी काहीतरी सोय करते. तो म्हणाला, “कर. तुझी सोय झाली का सोडतो.”

सोय झाली नाही. मी कार्यालयात सांगितलं, की तो रोजचा निरोप म्हणजे स्थानिक कर्मचाऱ्याची चाचणी आहे, आणि ती आवश्यक आहे. साहेबांनी मान डोलावली. चाचणीसाठी दुसरं यंत्र हवं, असं मी लिहून दिलं. पाठकसाहेबांनी पाठिंबा दिला. पुढच्या वर्षी पाठकसाहेब नोकरी सोडून गेले आणि त्याच्या पुढच्या वर्षी योजनेची मुदत संपली. ती वाढवली गेली नाही. आता गावोगावी मोबाइलवर संदेश जाणार होता. कोसमपोडला रेंज नाही हे मी सांगितलं, तेव्हा येईल असं उत्तर मिळालं. डबे उतरवण्याचं काम कोणाकडेच नव्हतं, म्हणून ते झाडांवरच राहिले आणि एकेक करून बंद पडले. मला पुसदला मीटरच्या कामावर घेतलं. मीटरसुद्धा असेच एकमेकांना निरोप देतात. एखादा उशिरा पोचला तरी कोणाचं काही बिघडत नाही. मला ते काम बरं वाटतं.

गेल्या पावसाळ्यात घाटंजीला काम निघालं होतं, म्हणून एक रात्र राहिले आणि सकाळी लवकर कोसमपोडला गेले. भोंग्याचा खांब तसाच आहे, भोंगा गंजला आहे. खांबापाशी बाया उभ्या होत्या. गिरजाचे केस पांढरे झाले आहेत. मोतीराम दिसला नाही. माझ्याकडे पाहून तिनं थोडं सरकून जागा दिली, जणू मी रोज तिथं येते.

“आता कायची वाट पाह्यता?” मी हळूच विचारलं. “डबा त बंद हाय.”

“थो गेला हाय,” ती म्हणाली. “नाल्यापर्यंत जाऊन पाहून येते. आला का आमी जातो.”

“रोज?”

“रोज.”

मी त्यांच्यात उभी राहिले. झड होती. तुरीच्या पलीकडे नाल्याचा काठ धुक्यानं भरलेला. एका बाईच्या कडेवर लेकरू होतं, तेसुद्धा तिकडेच पाहत होतं. डब्याच्या निरोपाला ‘मिळाला’ यायला उशीर झाला तर नंतर का होईना, डब्याची आठवण वाचून मला कळायचं, की अडकला कुठं. इथं काहीच कळत नव्हतं.

शेवटी तो तुरीतून बाहेर आला. म्हातारा झाला आहे, एक पाय जरा ओढत चालतो. आमच्याजवळ येईपर्यंत त्यानं काही खूण केली नाही. आल्यावर काठी खांबाला टेकवली आणि बायांकडे पाहून म्हणाला, “आज नको. वाघाचे पाय ताजे हायेत.”

बायांनी डोक्याचे दुपट्टे सोडले आणि घराकडे वळल्या. दिवसाची मजुरी गेली. मोतीरामनं मला ओळखलं. “बस ताई, चाय घे,” म्हणाला. गिरजानं चहा आणला. त्यानं बशीत ओतून घेतला, दोन घोटांत संपवला. त्याच्या धोतराला नाल्याचा गाळ लागला होता. मी म्हणाले, “आता आराम करा भाऊ.”

“दुपारी एक डाव जाऊन पाह्यतो,” तो म्हणाला. “वाघ निघून गेला असन त बायाइले अर्धा दिवस तरी भेटन.”

मग त्यानं काठी उचलली आणि पायांना लागलेला गाळ काठीच्या टोकानं काढत बसला.